जयप्रकाश नारायण : डायलिसिसवरची चार वर्षे आणि किडनीच्या तपासण्यांचा धडा

डायलिसिस सुरू करावे लागेल असे सांगितले की समोर बसलेल्या कुटुंबाच्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला, कालपर्यंत हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाच्या किडन्या अचानक कशा बिघडल्या? दुसरा, मशीनवर गेल्यावर माणसाचे आयुष्य उरते तरी किती? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समजून घ्यायला एका मोठ्या माणसाचे चरित्र उपयोगी पडते. ते म्हणजे लोकनायक जयप्रकाश नारायण. आणीबाणीतील त्यांचा तुरुंगवास बहुतेकांना ठाऊक आहे. आयुष्याची शेवटची जवळजवळ चार वर्षे ते डायलिसिसवर होते आणि त्याच काळात त्यांनी देशाचे राजकारण बदलले, हे मात्र अनेकांना आठवत नाही. त्यांच्या या उपचारांची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात झाली.

सिताबदियारा, अमेरिका आणि वर्धा

जयप्रकाशजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी गंगा आणि शरयूच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी झाला. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी त्यांचे लग्न झाले. असहकार चळवळीच्या प्रभावाखाली त्यांनी पाटण्यातील सरकारी अनुदानावरचे कॉलेज सोडले आणि १९२२ मध्ये ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तिथे द्राक्षांच्या मळ्यात, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात, हॉटेलात मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. सात वर्षे ते तिकडे होते. त्या काळात प्रभावतीदेवी गांधीजींच्या आश्रमात राहत होत्या.

१९२९ मध्ये परत आल्यावर ते गांधीजींना भेटायला आले ते नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्याला. पुढे १९३२ मध्ये त्यांना अटक झाली आणि नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तिथे अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्याशी त्यांची गाठ पडली. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना याच तुरुंगात आकाराला आली आणि १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला. म्हणजे जयप्रकाशजींच्या राजकीय घडणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

शरीराने सोसलेले

९ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री, ऐन दिवाळीत, पाच सहकाऱ्यांसह हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले. धोतरे एकमेकांना बांधून त्यांनी दोर केला होता. पुढे अनवाणी जंगल तुडवावे लागले. सप्टेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. एप्रिल १९४६ मध्ये सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाच्या वाटेला ते गेले नाहीत. १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी विनोबाजींच्या भूदान-सर्वोदय कार्याला जीवनदान दिले. १९६५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्या पुढाकाराने शस्त्रे खाली ठेवली. पण १५ एप्रिल १९७३ रोजी प्रभावतीदेवी कर्करोगाने गेल्या आणि ते एकटे पडले. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि मधुमेह त्यांच्या सोबतीला होता.

डॉक्टरच्या नजरेने इथे थोडे थांबायला हवे. मधुमेह हे किडनी निकामी होण्याचे जगभरातील सर्वांत मोठे कारण आहे. त्यानंतर उच्च रक्तदाबाचा क्रमांक लागतो. प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे या गाळण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहते. दुखत नाही, खुपत नाही. लघवी नेहमीसारखीच होते. म्हणून रुग्ण आणि घरचे दोघेही निर्धास्त राहतात.

१९७४ : प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि संपूर्ण क्रांती

१९७४ च्या सुरुवातीला बिहारमधील विद्यार्थ्यांनी महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध आंदोलन छेडले आणि जयप्रकाशजींना नेतृत्वासाठी साकडे घातले. ८ एप्रिल १९७४ रोजी त्यांनी पाटण्यात मूक मोर्चा काढला. त्यानंतर लगेच ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी गेले. शस्त्रक्रियेतून उठून ५ जूनला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. ४ नोव्हेंबरला पाटण्यातच मोर्चावर लाठीमार झाला आणि त्यात तेही सापडले.

प्रोस्टेटचा आणि किडनीचा संबंध वाचकांनी लक्षात ठेवावा. पुरुषांमध्ये वयानुसार ही ग्रंथी वाढते आणि लघवीचा मार्ग अरुंद होतो. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, मागे दाब वाढतो आणि तो किडनीपर्यंत पोहोचतो. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, थेंब थेंब लघवी होणे, हे म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का आणि लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते, हे काही मिनिटांत कळते.

स्थानबद्धतेतील आजारपण

२५ जून १९७५ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागू झाली आणि पहाटेपूर्वी त्यांना गांधी शांती प्रतिष्ठानमधून अटक झाली. काही दिवसांत त्यांना चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध करण्यात आले. तिथे एका खोलीत, जवळजवळ एकाकी अवस्थेत, ते चार महिन्यांहून अधिक काळ होते. वाचन आणि डायरीलेखन एवढाच विरंगुळा होता. ही डायरी पुढे प्रसिद्ध झाली.

सप्टेंबरच्या अखेरीस पोटाचा त्रास सुरू झाला आणि प्रकृती ढासळत गेली. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. आधी दिल्ली आणि मग मुंबई असा प्रवास झाला. नोव्हेंबर अखेरीस ते जसलोकमध्ये दाखल झाले, तेव्हा दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे स्पष्ट झाले आणि डायलिसिस सुरू करावे लागले.

स्थानबद्धतेतील उपचारांवरून पुढे मोठा वाद झाला, जनता सरकारच्या काळात चौकशीही झाली. त्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. पण एक गोष्ट वैद्यकीयदृष्ट्या सर्वांना लागू आहे. सत्तरी ओलांडलेला, मधुमेह असलेला, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेला माणूस हा किडनीच्या दृष्टीने जोखमीचा रुग्ण असतो. अशा माणसाच्या किडनीची ताकद किती उरली आहे हे आजारी पडण्याआधीच माहीत असावे लागते. भूक जाणे, मळमळ, थकवा, पायांवर सूज ही लक्षणे दिसू लागतात तोवर किडनीचे बहुतेक काम थांबलेले असते.

तेव्हाच्या आणि आजच्या तपासण्या

१९७५ मध्ये डॉक्टरांच्या हाती मुख्यतः तीन गोष्टी होत्या : रक्तातील युरिया, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने. आज आपल्या गल्लीतील लॅबमध्येही त्याहून बरेच काही मिळते. रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहायचे ते समजून घेऊ.

क्रिएटिनिन : स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ किडनी गाळून बाहेर टाकते. बहुतेक लॅबमध्ये ०.६ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते. अडचण अशी की किडनीची ताकद जवळपास निम्मी होईपर्यंत हा आकडा या मर्यादेत राहू शकतो. शिवाय वय झालेल्या, कृश माणसाचे स्नायूच कमी असतात, त्यामुळे त्याचा आकडा फसवा कमी दिसतो. आदल्या रात्री सावजी मटणावर ताव मारला असेल, तर तो तात्पुरता वाढलेलाही दिसतो.

ईजीएफआर : किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते याचा हा अंदाज आहे. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो काढतात. जयप्रकाशजींच्या आजारपणाच्या काळात तो वापरात नव्हता. त्याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. समजा तिघांचे क्रिएटिनिन १.४ आले. २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर सुमारे ७१ येतो, ७२ वर्षांच्या पुरुषाचा सुमारे ५३ आणि ७२ वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ४०. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण आजीबाईंच्या किडनीची अवस्था तरुणापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून क्रिएटिनिन थोडेच वाढले आहे असे म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका.

ईजीएफआरचे टप्पे असे आहेत :

• ९० किंवा जास्त : गाळण्याची क्षमता चांगली
• ६० ते ८९ : किंचित कमी, लघवीत प्रथिने नसतील तर एवढ्यावरून आजार म्हणत नाहीत
• ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ : मध्यम घट
• १५ ते २९ : गंभीर घट, किडनीतज्ज्ञांकडे नियमित जाणे आवश्यक
• १५ पेक्षा कमी : किडनी निकामी होण्याचा टप्पा

एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढत नाहीत. बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला तरच तो दीर्घकालीन आजार समजतात. मात्र आकडा झपाट्याने खालावत असेल, तर तीन महिने थांबायचे नसते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे एसीआर : मधुमेहींसाठी ही सर्वांत मोलाची तपासणी आहे. गाळणीला बारीक भोके पडू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपते. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक, ३० ते ३०० हा धोक्याचा इशारा आणि ३०० च्या वर गेल्यास नुकसान बरेच झाले आहे असे समजावे. क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षे आधी हा इशारा मिळतो. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोरदार व्यायामानंतर आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

युरिया : पाणी कमी पडले, प्रथिने जास्त खाल्ली किंवा पोटात रक्तस्राव झाला तरी तो वाढतो. त्यामुळे एकट्या युरियावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

सोनोग्राफी : किडनीचा आकार, खडे आणि अडथळा कळतो. किडन्या आक्रसून लहान झाल्या असतील तर आजार जुना आहे असा अंदाज बांधता येतो. मधुमेहात मात्र किडनी बिघडूनही आकार नेहमीएवढा राहू शकतो.

मशीनवरचे आयुष्य

जसलोक रुग्णालय १९७३ मध्ये सुरू झाले होते आणि देशात डायलिसिसची सोय मोजक्याच ठिकाणी होती. खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा. जयप्रकाशजींच्या मशीनसाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून ९० हजार रुपये पाठवले, पण जयप्रकाशजींनी ते स्वीकारले नाहीत. लोकांच्या छोट्या-छोट्या देणग्यांवर जगणे त्यांनी पसंत केले. पुढे पाटण्यात कदमकुआँ येथील त्यांच्या निवासस्थानीच डायलिसिसची सोय करण्यात आली.

हेमोडायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातील गाळणीतून फिरवतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. आज सर्वसाधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास हे करावे लागते. दोन वेळांच्या मधल्या काळात पाणी, मीठ आणि पोटॅशियम मोजून-मापून घ्यावे लागते. एवढे करूनही निरोगी किडनीच्या कामाचा लहानसाच भाग यंत्राकडून होतो.

अशा अवस्थेत जयप्रकाशजी जे जगले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. विखुरलेल्या विरोधी पक्षांना त्यांनी एकत्र यायला लावले. डायलिसिसच्या वेळा सांभाळत त्यांनी प्रचारसभा घेतल्या. फेब्रुवारीत रामलीला मैदानावर ते पुन्हा बोलले. मार्चमध्ये जनता पक्षाचा विजय झाला आणि २४ मार्च १९७७ रोजी राजघाटावर त्यांनी नव्या खासदारांना शपथ दिली. त्याच वर्षी उपचारांसाठी ते अमेरिकेतील सिएटल येथे गेले. डायलिसिससाठी रक्तवाहिनीत कायम बसवता येणारी नळी १९६० मध्ये याच शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी वापरात आणली होती. तिच्यामुळेच महिनोन्महिने, वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले.

मार्च १९७९ मध्ये ते पुन्हा जसलोकमध्ये अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी पसरली. लोकसभेत श्रद्धांजली वाहिली गेली, आकाशवाणीने वृत्त दिले, आणि जयप्रकाशजी मात्र जिवंत होते. त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यातील घरी त्यांनी शेवटचा श्वास घेतला. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मशीनवर गेल्यावर आयुष्य संपते का, या प्रश्नाचे उत्तर या चार वर्षांत आहे. पण या चार वर्षांची किंमतही मोठी होती. ज्या सरकारसाठी त्यांनी जिवाचे रान केले, त्यातील भांडणे मिटवायला त्यांच्या अंगात त्राण उरले नव्हते. जुलै १९७९ मध्ये ते सरकार कोसळलेले त्यांना पाहावे लागले.

नागपूर-विदर्भातील वाचकांसाठी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. शेतात, बांधकामावर, रस्त्यावर काम करणाऱ्यांचे पाणी घामावाटे जाते आणि किडनीचा रक्तपुरवठा घटतो. त्यातच अंग दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतली की किडनीवर दुहेरी घाव बसतो. पुढील गोष्टी पाळाव्यात :

• मधुमेह किंवा रक्तदाब असेल, वय ६० च्या पुढे असेल किंवा घरात कुणाला किडनीचा आजार असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन-ईजीएफआर आणि लघवीचे एसीआर या दोन्ही तपासण्या करा. टाईप २ मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून हे लागू आहे.

• रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. एसीआर वाढलेले असेल तर टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी औषधे आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या किडनीची झीज मंदावतात. यांपैकी काहीही जयप्रकाशजींच्या काळात उपलब्ध नव्हते. आज आहे, पण आजार वेळेत कळला तरच त्याचा पुरेपूर उपयोग.

• डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. घटक न लिहिलेली भस्मे आणि पुड्या टाळा.

• मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. लोणचे, पापड, फरसाण आणि तर्रीतले मीठही यात धरायचे.

• उन्हाळ्यात निरोगी माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. पायांवर सूज, हृदयविकार किंवा डायलिसिस असेल तर मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

• उलट्या-जुलाब झाले आणि खाणे-पिणे थांबले तर रक्तदाब व मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.

• संत्री आणि नारळपाणी निरोगी माणसाला चांगले. किडनीचा आजार पुढे गेलेल्यांनी आणि डायलिसिसच्या रुग्णांनी मात्र जपून. त्यांतील पोटॅशियम रक्तात साठले तर हृदयाची लय बिघडू शकते. संत्र्याच्या मोसमात पाहुणचाराला नाही म्हणणे आपल्याकडे कठीण जाते, पण ते म्हणावे लागते.

• डायलिसिसची वेळ येणार असे दिसत असेल तर डाव्या हाताच्या शिरा जपा. तिथे सलाईन लावू देऊ नका, फिस्टुलासाठी त्या लागतात. उजव्या हाताची सवय नसेल, तर उजव्या हाताच्या जपायच्या.

जयप्रकाशजींच्या वेळी डायलिसिससाठी वर्गणी काढावी लागली. आज महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही सुरू आहे. नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत मेंदूमृत व्यक्तींच्या किडन्या विदर्भातील रुग्णांना मिळतात. यासाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते, आणि ते रुग्णाची प्रकृती चांगली असतानाच केलेले बरे.

सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. किडन्या क्वचितच अचानक बिघडतात. बहुतेक वेळा त्या वर्षानुवर्षे बिघडत असतात आणि आपल्याला ते अचानक कळते. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर त्यांचा मागचा रिपोर्ट आज काढा. त्यावर ईजीएफआर आणि एसीआर हे दोन्ही आकडे आहेत का ते पाहा. एखादा नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो मागून घ्या.

सूचना : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.